मामांचे ऑप्शन

दातांच्या डॉक्टरकडे जायला कोणालाच आवडत नाही, हे डॉक्टरांना दवाखाना काढल्यावर वर्षभरातच कळून चुकलं. पेशंट दारातूनच घामाघूम होऊन यायचे, खुर्चीत बसले की मुठी आवळायचे आणि तोंड उघडा म्हटलं की आधी डोळे मिटायचे. डॉक्टरांनी पुष्कळ विचार केला आणि दोष आपल्या हाताचा नसून खुर्चीचा आहे, असा सोयीचा निष्कर्ष काढला. मग दवाखाना थोरल्या भावाच्या हवाली केला आणि त्यांनी दातांच्या दवाखान्यांसाठी खुर्च्या बनवायची कंपनी काढली.

निष्कर्ष सोयीचा असला तरी खोटा नव्हता. त्यांची खुर्ची खरोखरच सुखाची निघाली. माणूस बसला की पाठ आपोआप सैल पडायची, मान बरोबर जागेवर टेकायची. पण या सुखातला निम्मा वाटा गादीचा होता आणि गादी मामांची होती.

मामा म्हणजे कंपनीचे पहिले नोकर. त्याआधी ते बाजाराच्या मागच्या गल्लीत सोफे शिवायचे. तिथे एका दुपारी डॉक्टर खुर्चीचा लोखंडी सांगाडा टेंपोत घालून घेऊन आले आणि म्हणाले, "यावर माणूस झोपला पाहिजे." मामांनी सांगाड्याभोवती एक फेरी मारली, दाढी खाजवली आणि म्हणाले, "माणूस झोपेल, पण तुम्ही आधी हा टेंपो बाजूला घ्या, गिऱ्हाईक अडलंय." त्या दिवसापासून दोघांचं जमलं ते जमलंच. मामा कोणाचेही मामा नव्हते, पण पुढे कंपनीत चाळीसेक माणसं झाली आणि सगळ्यांचेच ते मामा झाले.

सुरुवातीच्या काळात पैशाची ओढाताण होती. पगार बेताचे होते आणि चांगली माणसं टिकत नव्हती. तेव्हा डॉक्टरांनी कुठूनसं ऐकून सगळ्यांना स्टॉक ऑप्शन द्यायचं ठरवलं. ऑप्शन म्हणजे कंपनीचा शेअर आजच्या ठरलेल्या भावाने पुढे कधीतरी विकत घ्यायचा हक्क. चार वर्षं टिकून काम केलं की हक्क पक्का. पुढे शेअरचा भाव कितीही चढो, तुम्हाला तो जुन्याच भावात मिळणार. डॉक्टर एका तयार खुर्चीवर उभे राहिले, बटण दाबून स्वतःला उंच करून घेतलं आणि जाहीर केलं, "आजपासून तुम्ही सगळे मालक."

"अजून नाही," हिशेब बघणाऱ्या ताई खालून म्हणाल्या. "शेअर घेतल्यावर मालक. आता नुसता हक्क आहे."

टाळ्यांमध्ये ते कोणाला ऐकू गेलं नाही. ताईंना त्याचं वाईट वाटलं नाही. त्यांना अशाची सवय होती. कंपनीचा हिशेब विभाग म्हणजे त्या स्वतः आणि अधूनमधून कागद गिळणारा एक प्रिंटर. डॉक्टर त्यांना पाठीमागे 'दशांश' म्हणत, कारण कुठल्याही आनंदाच्या बातमीत त्या एक टिंब आणि पुढे दोन आकडे घालायच्या. हे नाव ताईंना माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

वर्षं गेली. खुर्च्या खपू लागल्या. गेल्या वर्षी एका मोठ्या गुंतवणूकदार कंपनीने यांच्यात पैसे घातले आणि ते घालताना शेअरचा जो भाव लावला, तो ऐकून कारखान्यात दिवसभर कोणाचं कामात लक्ष लागलं नाही.

अशा वेळी मामांनी नोकरी सोडायचं ठरवलं.

कंटाळून नव्हे. त्यांच्या मुलीने सासरच्या गावी जुनं फर्निचर दुरुस्त करायचं दुकान काढलं होतं. पॉलिश आणि सुतारकाम ती बघायची, पण गादीकामाला तिला मनासारखा माणूस मिळत नव्हता. "बाबा, तुम्ही या, नाहीतर मी खुर्च्या बिनगादीच्या विकीन," असं ती फोनवर म्हणाली आणि मामांनी त्याच आठवड्यात डॉक्टरांना सांगून टाकलं. डॉक्टरांचा चेहरा पडला, मग त्यांनी मामांना मिठी मारली आणि दिवसभर केबिनबाहेर आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मामा ताईंच्या टेबलासमोर येऊन बसले. अंगावर धुतलेला शर्ट होता. एरवी त्यांच्या खिशाला सुया टोचलेल्या असायच्या, आज त्याही नव्हत्या.

"ताई, ते आपले ऑप्शन घ्यायचे आहेत. शेअर करून द्या."

"बसा मामा."

"बसलोच आहे की."

ताईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मामा येणार हे त्यांना कालपासून माहीत होतं आणि काय सांगायचं हेही. कसं सांगायचं, तेवढंच जमलेलं नव्हतं.

"मामा, योजनेत एक अट आहे. नोकरी सोडली की तीन महिन्यांत ऑप्शन वापरायचे. नाही वापरले तर ते जातात."

"मग वापरतो. त्यासाठीच तर आलो."

"वापरायचे म्हणजे पैसे भरून शेअर घ्यायचे. तुमचा ठरलेला भाव आहे एका कप कॉफीएवढा. आज शेअरची किंमत आहे चांगल्या चामडी बुटांच्या जोडीएवढी."

मामांचा चेहरा उजळला. "म्हणजे कॉफीच्या भावात बूट."

"हो. आता सरकार काय म्हणतं ते ऐका. सरकार म्हणतं, या माणसाला कंपनीने कॉफीच्या भावात बूट दिले. मधला जो फरक आहे, तो याचा पगारच समजा. आणि पगारावर कर भरा."

"भरू. बूट विकू आणि भरू."

"तिथंच घोडं अडलंय. हे बूट काचेच्या कपाटात बंद आहेत. आपली कंपनी शेअर बाजारात नाही, आपले शेअर कोणी विकत घेत नाही. ते घालता येत नाहीत, विकता येत नाहीत. पण कर मात्र घेतल्या दिवशीच लागतो, आणि तोही रोख."

मामांनी सवयीने खिशावर सुया चाचपल्या. मग हळूच म्हणाले, "किती?"

ताईंनी कागदावर आकडा लिहून त्यांच्यापुढे सरकवला. तोंडाने सांगायचा त्यांना धीर झाला नाही. मामांनी आकडा वाचला, कागद उलटा केला, मागच्या बाजूला काही आहे का बघितलं आणि पुन्हा सुलटा केला.

"हा माझा दोन वर्षांचा पगार आहे."

"हो."

"पगार मिळतो त्यावर कर लागतो, हे मला ठाऊक होतं. पण कर भरायला दोन वर्षांचा पगार आणायचा, हे नवीन आहे."

"शेवटच्या पगारातून कापून घ्यायचा म्हटला तरी पुरणार नाही."

"आणि नाही घेतले तर?"

"तीन महिन्यांनी हक्क संपला. कर नाही आणि शेअरही नाहीत."

मामा उठले. कागदाची घडी करून त्यांनी खिशात ठेवली. "नाकापेक्षा मोती जड झाला म्हणायचा," एवढंच बोलले आणि गादीकामाच्या खोलीत निघून गेले. त्या दिवशी शिवणयंत्राचा आवाज फार वेळ आला नाही.

दुसऱ्या दिवशी मामी आल्या. या कंपनीत त्या पहिल्यांदाच येत होत्या. मामांनी शिवलेली मोठी रेक्झिनची पिशवी मांडीवर घेऊन त्या ताईंच्या समोर बसल्या आणि प्रस्तावना न करता म्हणाल्या, "अगं, आमचे हे म्हणतात की मालक झाले तर दिवाळं निघेल. हे खरं का?"

"तसंच काहीसं आहे, मामी."

"मी सगळीकडे सांगून बसले आहे. आमच्या विहीणबाईंना तर दोनदा. त्यांच्या नवऱ्याचं दुकान आहे ना, त्यामुळे मालक हा शब्द त्यांच्या तोंडात सारखा असतो. म्हटलं, आमचेही मालकच आहेत, त्यांची पण कंपनी आहे. आता काय सांगू? होते, पण परवडेना म्हणून सोडलं?"

ताईंना हसू आवरेना. मामींनाही नाही. दोघी जरा वेळ हसल्या आणि मग मामी पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "हसण्यावारी नेलं तरी एक सांगते. त्यांनी पैशाचं मनाला लावून घेतलेलं नाही. गेली चार वर्षं हा माणूस कारखान्यात दिवे बंद करत फिरायचा. मालक आहे म्हणायचा, वीज जळते. काल पहिल्यांदा घरी येताना म्हणाला, 'दिवा राहिला असेल चालू, असू दे.' ते मला नाही बघवलं."

मामी गेल्यावर ताईंनी योजनेचे नियम काढून पहिल्या पानापासून वाचायला घेतले. तीन महिन्यांची अट त्यात होती ती कुठल्या कायद्याची नव्हती. योजना करताना वकिलाने कुठल्यातरी तयार नमुन्यातून उचललेली होती. कंपनीला वाटलं तर ती बदलता येत होती. तीन महिन्यांच्या जागी दहा वर्षं केलं की झालं. मामांनी थांबायचं. कंपनी बाजारात आली किंवा कोणी विकत घेतली की त्या दिवशी ऑप्शन वापरायचे, त्याच दिवशी शेअर विकायचे आणि आलेल्या पैशातूनच कर भरायचा. कपाट उघडेपर्यंत बूट घ्यायचेच नाहीत.

उपाय सोपा होता. पण त्याला एक शेपूट होतं आणि ते थेट डॉक्टरांच्या पायाखाली येणार होतं.

डॉक्टर त्या दिवसांत हवेत होते. कंपनी पहिल्यांदाच नफ्यात येत होती. नफा पातळ होता, कोणी जोरात शिंकलं तर उडून जाईल असा, पण नफा होता. त्यांनी तो थोरल्या भावाला आधीच सांगून टाकला होता. त्यामागे कारण होतं. भावाचा दवाखाना आता चार खुर्च्यांचा झाला होता आणि त्यातली एकही खुर्ची डॉक्टरांची नव्हती. भाऊ म्हणायचा, "तोट्यातल्या कंपनीची खुर्ची घेऊ, आणि उद्या तू दुकान बंद केलंस तर सुटे भाग कोणाकडे मागू? नफ्यात ये, मग बघू." डॉक्टर हे सगळ्यांना विनोद म्हणून सांगायचे, पण सांगताना हसायचे नाहीत.

ताई केबिनमध्ये गेल्या तेव्हा ते नफ्याचा तक्ता भिंतीवर कुठे लावावा ते बघत होते. ताईंनी मामांची अडचण सांगितली. डॉक्टर ऐकतानाच संतापले.

"मी बक्षीस दिलं आणि त्याच्यावर सरकार कर घेणार? तोही पैसे हातात यायच्या आधी?"

"हो. म्हणून अट बदलायची. दहा वर्षांची मुदत द्यायची, मामांना आणि सगळ्यांनाच. उद्या आणखी कोणी सोडून जाईल, त्याचंही हेच होणार."

"मग बदला. विचारता काय?"

"अट बदलली की खर्च वाढतो."

"कसला खर्च? एक पैसा जात नाही."

ताई खुर्ची ओढून बसल्या. हा वाद चार वर्षं दरवर्षी व्हायचा, फक्त यंदा तो महत्त्वाचा होता. "ऑप्शन दिले तेव्हापासून दरवर्षी त्यांची किंमत आपण पगारासारखी खर्चात धरतो. आठवतंय?"

"आठवतंय आणि अजून पटलेलं नाही. शेअर म्हणजे कागद. त्याला काय खर्च?"

"तुमचा वाटा. तुम्ही आपल्या भाकरीतला तुकडा तोडून दिलात आणि त्याच्या बदल्यात माणसांनी कमी पगारात काम केलं. ते काम फुकट झालं नाही. त्याची किंमत कुठेतरी लिहायला नको? नाहीतर कंपनी कमी पगारात चालते असं दिसेल, आणि ते खोटं आहे."

डॉक्टर तक्ता पुन्हा भिंतीला लावून बघू लागले. इथे आल्यावर दुसऱ्याच कामाला लागणंही दरवर्षीचंच होतं.

"आता मला सांगा," ताई म्हणाल्या, "एका दिवसात वापरायचं सवलतीचं कूपन आणि दहा वर्षं चालणारं कूपन, यात जास्त मोलाचं कोणतं?"

"दहा वर्षांचं. पण..."

"म्हणजे मुदत वाढवली की लोकांच्या हातातली वस्तू महाग झाली. जेवढी महाग झाली तेवढा जादा खर्च आणि बराचसा याच वर्षी. ऑडिटर सोडणार नाही, आणि मीही सोडणार नाही."

डॉक्टर तक्त्याकडे बघत होते. "नफ्याचं काय होईल?"

"तोटा होईल. थोडासा."

"थोडासा तोटा," डॉक्टर स्वतःशीच म्हणाले. "दशांश, तुम्ही..." आणि थांबले. आपण हे नाव तोंडावर घेतलं, हे त्यांच्या लक्षात आलं.

"मला माहीत आहे ते नाव," ताई म्हणाल्या.

"पुढच्या वर्षी बदलू अट. हिशेबाचं वर्ष संपलं की दुसऱ्या दिवशी."

"वर्ष संपायला अजून वेळ आहे. मामांचे तीन महिने त्याआधी संपतात."

डॉक्टरांनी तक्ता टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाले की विषय संचालकांच्या बैठकीत घेऊ, आपण एकट्याने ठरवणं बरोबर नाही. एरवी कंपनीतल्या पडद्यांचा रंगसुद्धा ते एकट्याने ठरवत. ताईंनी ते बोलून दाखवलं नाही. बाहेर येताना त्यांना वाटलं, हा माणूस वाईट नाही, पण आज याला आपल्या भावाचा चेहरा दिसतोय आणि तो समोर असला की मोठमोठी माणसं दहा वर्षांची होतात.

बैठक आठवड्याभराने झाली. बैठकीची खोली म्हणजे खरं तर नमुन्याच्या खुर्च्या ठेवायची खोली. मधे टेबल होतं आणि भोवती साध्या खुर्च्या कमी पडायच्या, म्हणून एकाला नेहमी दवाखान्याच्या खुर्चीत आडवं व्हावं लागे. त्या दिवशी ती पाळी गुंतवणूकदार कंपनीच्या प्रतिनिधीची होती. तरुण, हुशार, गुळगुळीत दाढी केलेला माणूस. आणखी एक निवृत्त बँकवाले गृहस्थ संचालक होते. ते सहसा सगळ्याला होकार देत आणि बिस्किटं संपवत.

ताईंनी प्रस्ताव मांडला. जादा खर्चाचा आकडा लपवला नाही, उलट आधी तोच सांगितला. डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते. प्रतिनिधी वरचा दिवा डोळ्यांवर येत असल्याने कपाळाला हात लावून ऐकत होता. ताईंना वाटलं, आता हा नफा-तोट्यावरून आकाशपाताळ एक करणार.

"कागदावरच्या तोट्याची आम्हाला काळजी नाही," तो म्हणाला. "रोख पैसा जात नाही ना? आम्ही तेवढंच बघतो."

ताईंनी सुटकेचा श्वास घेतला. डॉक्टरांनी खिडकीवरून नजर काढली.

"पण मला एक कळत नाही," प्रतिनिधी पुढे बोलला. "मुदत वाढवायचीच कशाला? जाणारा माणूस जातोय. त्याला कर परवडत नसेल तर त्याचे ऑप्शन रद्द होतील. ते रद्द झाले की तेवढा वाटा आपल्यातच राहतो. तुमचाही वाढतो, डॉक्टर, आमचाही वाढतो. फुकटात. मी तर म्हणेन, अट आहे ती फार चांगली आहे."

तो वाईट हेतूने बोलत नव्हता. हिशेब सांगत होता आणि हिशेब बरोबर होता. बँकवाल्या गृहस्थांनी बिस्किट परत बशीत ठेवलं.

"तुम्ही आता कशावर पडला आहात?" डॉक्टरांनी विचारलं.

"म्हणजे? खुर्चीवर."

"पाठीखाली काय लागतंय?"

"काही नाही. छान वाटतंय."

"काही लागत नाही ना, ते मामा. तो जाणारा माणूस." डॉक्टरांचा आवाज चढला नव्हता, पण कान लाल झाले होते. "त्याने चार वर्षं कमी पगार घेतला, कारण मी त्याला सांगितलं, पुढे मिळेल. आणि आता तो आपल्या मुलीच्या मदतीला जातोय म्हणून त्याच्या वाट्याचं मी खिशात घालू?"

"मी फक्त आकडे सांगत होतो."

"आकडे आमच्या ताईंनी आधीच सांगितलेत, आणि तुमच्यापेक्षा एक जास्त सांगितलाय, माणसांनी कमी पगारात केलेल्या कामाचा." डॉक्टर ताईंकडे वळले. "घ्या लिहून. दहा वर्षं. सगळ्यांना."

खरं सांगायचं तर, गेला आठवडाभर डॉक्टरांच्या मनात जवळपास हेच येऊन गेलं होतं. मामांनी स्वतःच नको म्हटलं तर किती बरं, असं त्यांनी मध्ये एकदा आंघोळ करताना म्हटलंही होतं. पण मनातली गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकली की ती फार वेगळी दिसते. हे त्यांनी पुढे ताईंना आपणहून सांगितलं. प्रतिनिधीनेही ताणून धरलं नाही. हरकत नाही म्हणाला आणि खुर्ची सरळ कशी करायची ते विचारलं.

मामांना ताईंनी शिवणयंत्रापाशी जाऊन सांगितलं. त्यांनी पाय थांबवला, पण धागा हातातून सोडला नाही. "म्हणजे आता कर नाही?"

"आत्ता नाही. शेअर विकता येतील तेव्हा घ्या, विका आणि मग भरा. आणि हेही सांगते, विकता येतीलच अशी खात्री नाही. कंपनी बुडाली तर काहीच नाही."

"ते मला कळतं. सोफ्यांच्या धंद्यात उधारीवर माल दिलाय मी पुष्कळ." त्यांनी एक टाका पूर्ण केला. "ताई, एक विचारू? सगळे थांबू देत. पण त्यातला एकच शेअर आत्ता घेता येतो का?"

"एक?"

"एकच. आमच्या हिचं तोंड आहे ना, ते पुढे गेलेलं आहे. त्याच्या मागून आपण जायला हवं."

ताईंनी नियम आठवून बघितला. एक शेअर घ्यायला कोणाची मनाई नव्हती. "एका कॉफीचे पैसे भरा. वर कर."

"कर किती?"

"साधारण एका चपलेएवढा."

"जोडीच्या की एका पायाच्या?"

"एका पायाच्या."

"मग परवडेल," मामा म्हणाले आणि यंत्र पुन्हा चालू केलं.

त्या एका शेअरचं प्रमाणपत्र ताईंनी जाड कागदावर छापलं. प्रिंटरने पहिले दोन गिळले, तिसरा सोडला. मामांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. निरोपाच्या दिवशी डॉक्टर काहीतरी बोलायला उभे राहिले आणि बोलता आलं नाही म्हणून नुसतेच टाळ्या वाजवत राहिले. जाताना मामांनी गादीकामाच्या खोलीतला दिवा बंद केला, मग मागच्या गोदामातलाही केला. तिथे माणसं काम करत होती, त्यांनी तो पुन्हा लावला.

वर्ष संपलं आणि तोटा झाला. थोडासाच, पण ऑडिटरच्या सहीने. डॉक्टरांनी भावाला फोन लावला तेव्हा ताई सह्यांसाठी समोरच उभ्या होत्या.

"दादा, नफा नाही झाला. पण तोटा कागदावरचा आहे. माणसांच्या ऑप्शनमुळे."

पलीकडून भाऊ काहीतरी म्हणाला. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि सह्या करायला लागले.

"काय म्हणाले?" ताईंनी न राहवून विचारलं.

"म्हणाला, मग मीही खुर्ची कागदावरच घेतो." चौथ्या सहीपर्यंत ते गंभीर होते. पाचव्या सहीला त्यांना हसू फुटलं. ते एवढं वाढलं की सही वेडीवाकडी आली आणि ताईंना ते पान पुन्हा छापावं लागलं.

मग आली भागधारकांची वार्षिक सभा. आतापर्यंत ती नुसती नावाला व्हायची. डॉक्टर आणि गुंतवणूकदारांचा प्रतिनिधी चहा पिऊन सह्या करायचे, झाली सभा. पण नियमाप्रमाणे नोटीस प्रत्येक भागधारकाला पाठवावी लागते, आणि आता एक भागधारक वाढला होता. ताईंनी नोटीस पाठवली. त्यांना वाटलं होतं, मामा ती विहीणबाईंना दाखवतील आणि कपाटात ठेवतील. विहीणबाईंना त्यांनी दाखवलीच. मग सकाळच्या बसने मामींसह हजर झाले. हिशेबाची छापील प्रत त्यांनी वाचून आणली होती आणि समजलं नाही तिथे पेन्सिलने रेघ मारली होती. बहुतेक पानं रेघांनी भरली होती.

प्रतिनिधीने उठून त्यांना आपली साधी खुर्ची दिली. डॉक्टरांनी रीतीप्रमाणे विचारलं, "भागधारकांपैकी कोणाला काही प्रश्न?" आणि रीतीप्रमाणे पुढे जाणार, तोच मामांनी हात वर केला.

"यंदा नफा का नाही झाला?"

डॉक्टरांनी मामांकडे बघितलं, मग ताईंकडे. हा प्रश्न या खोलीत, या माणसाकडून येईल, असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. ताईंनी पान काढून रकाना दाखवला. "हा खर्च जास्त आला, मामा. ऑप्शनची मुदत वाढवली, त्याचा. तुमच्या आणि बाकी सगळ्यांच्या."

"म्हणजे माझ्यामुळे?"

"थोडं तुमच्यामुळे."

मामांनी त्या रकान्यावर बोट ठेवून आकडा पुन्हा एकदा वाचला. मामी शेजारून वाकून बघत होत्या. मामांनी पेन्सिलने त्या आकड्यापुढे बरोबरची खूण केली.

"मग ठीक आहे," ते म्हणाले. "पुढचा विषय घ्या."

शेअर विकायची संधी त्यानंतर तीन वर्षांनी आली. दवाखान्याची यंत्रं बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीने सगळे शेअर विकत घेतले. भाव बुटांच्या जोडीपेक्षा वर गेला होता, पण मामी सांगत फिरल्या तेवढा नाही. मामांनी उरलेले ऑप्शन वापरले, त्याच दिवशी शेअर विकले, कर तिथल्या तिथे कापला गेला आणि उरलेली रक्कम आली. त्यातून मुलीच्या दुकानाशेजारचा बंद गाळा घेतला आणि दोन नवी शिवणयंत्रं आणली. एक मामांसाठी आणि एक शिकायला येणाऱ्यांसाठी. पैसे जमा झाले का, हे विचारायला ताईंनी फोन केला.

"झाले, झाले. आता मी मालक नाही ना?"

"नाही, मामा. तो एक शेअरही गेला."

"बरं झालं," मामा म्हणाले. मागे यंत्राचा आवाज येत होता. "त्या नोटिशी फार बारीक अक्षरात असायच्या."